पंचावन्न लाखांचा देश, अफाटाचा हिशेब

ब्रिटनच्या नकाशात वरच्या टोकाला स्कॉटलंड आहे. क्षेत्रफळ सुमारे ७८ हजार चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचे चार वाटे केले तर त्यातला एक वाटा! लोकसंख्या सुमारे ५५ लाख. २०११च्या जनगणनेत एकट्या मुंबईत १ कोटी २४ लाख माणसे मोजली गेली होती. म्हणजे या देशातली झाडून सगळी माणसे मुंबईत आणून वसवली, तरी निम्म्याहून जास्त मुंबई रिकामीच राहील.

एवढासा देश. पण याचे आकडे मांडायला बसा, आणि पाटी पुरत नाही. बेटे सातशे नव्वदच्या वर. गोड्या पाण्याची सरोवरे तीस हजारांच्या वर. बेट न बेट आणि खाडी न खाडी धरून किनारा मोजला, तर तो अठरा हजार किलोमीटरच्या पुढे जातो. आपल्याला एक मोजपट्टी लागेल, ती आत्ताच ठरवून टाकू: छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पुणे स्टेशनपर्यंतचा लोहमार्ग, १९२ किलोमीटर. त्या मापाने स्कॉटलंडचा किनारा म्हणजे मुंबई-पुण्याच्या ९३ खेपा. आणि ही नुसती सुरुवात आहे!

एडिंबरा शहराच्या पश्चिमेला फोर्थ नावाची खाडी आहे. तिच्यावर ४ मार्च १८९० रोजी एक रेल्वेपूल खुला झाला. लांबी जवळपास अडीच किलोमीटर. रचना जॉन फाउलर आणि बेंजामिन बेकर या इंग्रज अभियंत्यांची, उभारणी ग्लासगोच्या विल्यम ॲरोलची. पुलाला पोलाद लागले सुमारे ५३ हजार टन. आता ५३ हजार टन म्हणजे किती? आपल्या रेल्वेचा एक रिकामा प्रवासी डबा साधारण चाळीस टनांचा असतो. म्हणजे हे झाले सव्वातेराशे डबे! बावीस-बावीस डब्यांच्या साठ गाड्या! ते सगळे डबे एकामागे एक जोडून मुंबईहून सोडले, तर शेवटचा डबा सीएसएमटीच्या फलाटाला टेकलेला असताना पहिला डबा दादर, कुर्ला, घाटकोपर, भांडुप ओलांडून मुलुंडजवळ पोचलेला असेल. एवढे पोलाद एका पुलात उभे आहे.

या पुलाचे दोन मुख्य गाळे प्रत्येकी ५२१ मीटरचे. दोन आधारांच्या मधे ५२१ मीटर नुसते पाणी आणि वारा. बावीस डब्यांची गाडी त्यात जवळजवळ टोकापासून टोकापर्यंत मावते, आणि तिच्या खाली एकही खांब नाही! रूळ पाण्यापासून सुमारे ४६ मीटर उंचीवर, म्हणजे पंधरा मजली इमारतीच्या गच्चीवरून गाडी धावते आहे. १९१७ साली कॅनडात क्वेबेकचा पूल होईपर्यंत जगात कुठल्याच पुलाचा गाळा याच्याएवढा लांब नव्हता.

आता जरा जवळ जाऊन बघू. या पुलाचा एक रिव्हेट घ्या. तापवून लालभडक करायचा, भोकात बसवायचा आणि थंड व्हायच्या आत दुसऱ्या बाजूने दाबून त्याला डोके काढायचे. थंड होताना तो आकसतो आणि दोन पत्रे एकमेकांना करकचून आवळतो. झाला एक. असे रिव्हेट या पुलात आहेत सुमारे ६५ लाख! आजच्या स्कॉटलंडमधल्या प्रत्येक माणसाला, तान्ह्या बाळालाही, एकेक रिव्हेट वाटला तरी दहा लाख उरतील. एका माणसाने मिनिटाला एक रिव्हेट ठोकायचे ठरवले, जेवण नाही, झोप नाही, सणवार नाही, तरी त्याला बारा वर्षांहून जास्त लागतील. पूल मात्र आठ वर्षांत उभा राहिला, कारण ऐन भरात तिथे ४,६०० माणसे राबत होती. त्यातल्या ५७ जणांच्या मृत्यूची नोंद तेव्हा झाली. पुढे स्थानिक अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा तो आकडा ७३वर गेला. एवढ्या आकड्यांच्या गर्दीत हा आकडा जपून ठेवायचा.

२०११ साली या पुलाचे मोठे रंगकाम पूर्ण झाले. रंगवायचे क्षेत्र किती? २ लाख ३० हजार चौरस मीटर. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर सत्तावन्न एकर. सत्तावन्न एकर पोलाद हाताने रंगवायचे! रंग लागला २ लाख ४० हजार लिटर. त्याचेच दहा हजार लिटरचे चोवीस टँकर भरतील.

टँकरचा विषय निघालाच आहे, तर आता पाण्याकडे वळू. लॉख नेस हे सरोवर जगाला माहीत आहे ते त्यातल्या काल्पनिक राक्षसामुळे. पण खरा राक्षस आहे ते पाणीच! सरोवराची लांबी सुमारे ३६ किलोमीटर, रुंदी सरासरी जेमतेम दीड किलोमीटर. वरून पाहिले तर एक लांबट चीर. खोली मात्र २३० मीटरच्या घरात. तीन कुतुबमिनार एकावर एक उभे केले तरी वरच्याचा कळस पाण्याबाहेर येणार नाही. या चिरेत पाणी मावते सुमारे ७.४ घन किलोमीटर. इंग्लंड आणि वेल्समधली सगळी तळी-सरोवरे एकत्र केली तरी एवढे पाणी भरत नाही.

७.४ घन किलोमीटर म्हणजे ७ लाख ४० हजार कोटी लिटर. असा आकडा ऐकून काहीच वाटत नाही, म्हणून तो आपल्या अंगणात आणू. आपले कोयना धरण १०५ टीएमसीचे. लॉख नेस भरते २६१ टीएमसी. जवळपास अडीच कोयना! गावातली एक चांगली विहीर घ्या, वीसेक फूट व्यासाची, बारा मीटर पाणी असलेली. तशा विहिरी भरायला घेतल्या, तर हे सरोवर दोन कोटींहून जास्त विहिरी काठोकाठ भरेल. महाराष्ट्रात चाळीस हजारांहून जास्त खेडी आहेत. म्हणजे दर खेड्याला जवळपास पाचशे तुडुंब विहिरी!

२०१६च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेले होते, ते आपण कोणी विसरलेलो नाही. पन्नास वाघिणींची ती जलदूत गाडी एका खेपेत २५ लाख लिटर पाणी न्यायची. तीच गाडी लॉख नेसच्या काठावर उभी करू आणि सरोवर उपसायला घेऊ. रोज एक खेप. एक दिवस खाडा नाही. किती खेपा? साडेएकोणतीस लाखांहून जास्त. किती वर्षे? आठ हजार शंभर! आज तळ दिसायला हवा असेल, तर पहिली गाडी हडप्पा-मोहेंजोदडोची नगरे वसण्याच्या हजारो वर्षे आधी सुटलेली असायला हवी होती. अजून एक गंमत बघा. एका माणसाला सरासरी साठ लिटर जागा लागते असे धरले, तर जगातली आठशे कोटी माणसे या एका सरोवरात पंधरा वेळा मावतील.

पाण्यावरून आपण अर्थातच व्हिस्कीकडे येतो. स्कॉच व्हिस्की ओकच्या लाकडी पिंपात किमान तीन वर्षे मुरली पाहिजे, असा तिथला कायदाच आहे. त्यामुळे देशभरच्या गोदामांत पिंपे स्वस्थ पडून असतात. किती? सुमारे २ कोटी २० लाख! माणशी चार पिंपे! लाकडातून दर वर्षी अंदाजे दोन टक्के द्रव उडून जातो. तिथली माणसे त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. हिशेबापुरते एक पिंप दोनशे लिटरचे धरू. मग देवदूतांच्या वाट्याला वर्षाला ८ कोटी ८० लाख लिटर येतात. दिवसाला चोवीस टँकर. दर तासाला दहा हजार लिटरचा एक टँकर भरून हवेत उडतो आहे, रात्रंदिवस!

आणि हे झाले उडालेले. विकलेले किती? २०२२ साली स्कॉटलंडने परदेशी पाठवलेल्या व्हिस्कीच्या १६७ कोटी बाटल्या भरल्या. सेकंदाला त्रेपन्न! डेक्कन क्वीन मुंबईहून सुटून सव्वातीन तासांनी पुण्याला पोचेपर्यंत सहा लाखांहून जास्त बाटल्या देशाबाहेर गेलेल्या असतात. एक बाटली एक फुटाची धरून त्या वर्षीच्या सगळ्या आडव्या मांडल्या, तर रांग पाच लाख किलोमीटरची होते. चंद्र पावणेचार लाख किलोमीटरच्या थोडाच पुढे आहे. ही रांग त्याला मागे टाकून निघून जाते. किंमत ६२० कोटी पौंड. पौंडाला शंभर रुपये धरले तर ६२ हजार कोटी रुपये. त्या वर्षी सर्वांत जास्त बाटल्या कोणत्या देशाने घेतल्या? भारताने! २१ कोटी ९० लाख. सेकंदाला सात!

माणसांचे आकडेही असेच. १९४७ साली एडिंबराच्या पहिल्या कला महोत्सवात आठ नाट्यमंडळ्या आमंत्रण नसताना येऊन धडकल्या आणि त्यांनी मिळेल त्या जागी प्रयोग लावले. त्यातून ‘फ्रिंज’ हा महोत्सव जन्मला. आठ मंडळ्यांपासून सुरू झालेल्या या महोत्सवात २०१९ साली ३,८४१ कार्यक्रम झाले, तिकिटे तीस लाखांवर खपली आणि हे सगळे ऑगस्टच्या साधारण पंचवीस दिवसांत! रोज रात्री एक याप्रमाणे कोणी ते सगळे बघायचे ठरवले, तर त्याला साडेदहा वर्षे एकही रात्र घरी बसता येणार नाही.

डनफर्मलिनच्या एका विणकऱ्याचा मुलगा बघा. अँड्र्यू कार्नेगी, जन्म १८३५. यंत्रमाग आले, बापाचा हातमाग बसला, कुटुंब १८४८ साली अमेरिकेला गेले. पोराला कापसाच्या गिरणीत बॉबिनी बदलायचे काम मिळाले, पगार आठवड्याला १ डॉलर २० सेंट. त्याच पोराने पुढे पोलादाचा धंदा उभारला, १९०१ साली तो ४८ कोटी डॉलरना विकला आणि हयातीत सुमारे ३५ कोटी डॉलर दान केले. आठवड्याच्या त्या पहिल्या पगाराने ३५ कोटी डॉलर मिळवायला किती वर्षे राबावे लागले असते? छप्पन्न लाख वर्षे! त्याच्या पैशातून जगभर २,५०९ वाचनालये उभी राहिली. रोज एका वाचनालयाचे उद्घाटन करत सुटलो, तर पावणेसात वर्षांहून जास्त काळ हातातली कात्री खाली ठेवता येणार नाही.

हे झाले स्कॉटलंडमधले आणि स्कॉटिश माणसांनी केलेले मोठे आकडे. पण या देशाची खरी कमाल पुढेच आहे. मोठ्या गोष्टी जगात इतरत्रही आहेत. त्यांना मोजायचे कसे, हे मात्र जगाला पुन्हा पुन्हा स्कॉटलंडने शिकवले. ताकद, काळ, प्रकाश, हवेचा कण: जे जे माणसाच्या मुठीत मावत नव्हते, त्याला त्याला कोणा ना कोणा स्कॉटिश माणसाने माप लावले. चला, तिकडे जाऊ.

पहिले माप ताकदीचे. ग्रीनॉक गावी १७३६ साली जेम्स वॉट जन्मला. त्याने वाफेचे इंजिन सुधारले, आणि ते विकताना गिऱ्हाइकाला समजेल असे परिमाण ठरवले: एक इंजिन म्हणजे किती घोडे? त्याची एक अश्वशक्ती म्हणजे साधारण शहात्तर लिटर पाणी दर सेकंदाला एक मीटर वर उचलणे. बारा मीटर खोल विहिरीतून तेवढेच पाणी दर बारा सेकंदांनी काठावर. आपल्या बांधावरची पाच एचपीची मोटर आजही त्याच मापाने विकली जाते. आता मोजत सुटू. आपल्या रेल्वेचे डब्ल्यूएजी-१२ हे मालगाडीचे इंजिन बारा हजार अश्वशक्तीचे आहे. पाच एचपीच्या २,४०० मोटरी एका इंजिनात! आणि वीज ज्या एककात मोजतात तो वॅट म्हणजे याच माणसाचे नाव. एका अश्वशक्तीत ७४६ वॅट. भारताची वीजनिर्मितीची क्षमता चार लाख मेगावॅटच्या पुढे गेली आहे. नेमके चार लाख धरले, तरी त्याचे घोडे होतात त्रेपन्न कोटींहून जास्त. घोड्याला अडीच मीटर जागा देऊन ते एका रांगेत उभे केले, तर रांग पृथ्वीला विषुववृत्तावरून तेहतीस वेढे घालेल!

दुसरे माप काळाचे. इथे मात्र श्वास रोखूनच चालायला हवे. एडिंबराचा जेम्स हटन, जन्म १७२६. शिकला वैद्यक, पण काही वर्षे त्याने स्वतः शेती केली आणि शेतातली माती पावसाने वाहून जाताना डोळ्यांनी पाहिली. ही माती समुद्रात जाते, थर साचतात, त्यांचा खडक होतो, तो खडक पुन्हा वर उचलला जातो, पुन्हा झिजतो. मग याला वेळ किती लागत असेल? १७८८ साली, साठी उलटल्यावर, तो दोन मित्रांसह बोटीतून सिकार पॉइंट नावाच्या कड्यापाशी गेला. तिथे खाली करड्या खडकाचे थर भिंतीसारखे उभे आहेत आणि त्यांच्या डोक्यावर तांबड्या वालुकाश्माचे थर किंचित कलते पसरले आहेत. खालचे थर आधी समुद्रतळाशी आडवे साचले, मग दाबले गेले, उभे झाले, वर आले, झिजून सपाट झाले. आणि त्यानंतर कुठे वरचे थर साचायला लागले. आजच्या मोजणीनुसार खालचा खडक सुमारे साडेत्रेचाळीस कोटी वर्षांचा, वरचा सुमारे सदतीस कोटी वर्षांचा. दोन्ही खडक जिथे भेटतात तिथे तळहात ठेवला, तर एका तळहाताखाली साडेसहा कोटी वर्षांचा खंड येतो!

आता आपली मुंबई-पुण्याची मोजपट्टी काढा. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. पृथ्वी जन्मली तेव्हा गाडी सीएसएमटीहून सुटली, आणि आज, या क्षणी, ती पुणे स्टेशनात शिरते आहे. १९२ किलोमीटरमध्ये ४५४ कोटी वर्षे, म्हणजे एका किलोमीटरला २ कोटी ३६ लाख वर्षे. एका मीटरला साडेतेवीस हजार. एका मिलिमीटरला साडेतेवीस!

गाडी निघाली. ठाणे गेले, कल्याण गेले. बदलापूरच्या थोडे अलीकडे स्कॉटलंडच्या वायव्य टोकाचे आणि लुइस बेटावरचे सर्वांत जुने खडक तयार होत आहेत, तीनशे कोटी वर्षांपूर्वी. घाट चढून झाला, लोणावळा, तळेगाव, देहूरोड मागे पडले. आकुर्डी-चिंचवडच्या आसपास सिकार पॉइंटचा खालचा थर साचतो. पुढचे पावणेतीन किलोमीटर ते थर उभे होतात, झिजतात. मग पिंपरीच्या अलीकडे वरचा थर. आपला सह्याद्री ज्या लाव्हाचा बनला, तो लाव्हा कुठे वाहिला? थेट शिवाजीनगरला! पुणे पावणेतीन किलोमीटरवर आले तेव्हा. म्हणजे सिकार पॉइंटला एका तळहाताखाली जेवढा काळ हरवला आहे, तेवढ्याच काळात आपल्या दगडी कड्यांचा जन्म, झीज, गडकिल्ले, पेठा आणि आपण सगळे आलो.

मग माणूस कुठे आला? गाडी पुण्याच्या फलाटाला लागली, थांबायला तेरा मीटरही उरले नाहीत, तेव्हा. अर्धा डबा फक्त! शिवछत्रपतींचा राज्याभिषेक? शेवटचा दीड सेंटीमीटर. ऐंशी वर्षांचे भरलेले आयुष्य? साडेतीन मिलिमीटरसुद्धा नाही. आणि हटनच्या काळात युरोपात पृथ्वीचे वय किती समजत? सुमारे सहा हजार वर्षे. या पट्टीवर ते होतात पंचवीस सेंटीमीटर. जगाने एक वीत धरून ठेवली होती. हटनने खडकावर बोट ठेवून १९२ किलोमीटरचा मार्ग खुला केला! नेमके वर्ष त्याला सांगता आले नाही, पण वीत पुरणार नाही एवढे त्याने त्या कड्यावर ठामपणे पाहिले.

तिसरे माप प्रकाशाचे. जेम्स क्लार्क मॅक्सवेल, जन्म एडिंबरात १८३१ साली, तोही इंडिया स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर. विजेच्या आणि चुंबकाच्या समीकरणांतून त्याने लहरींचा वेग काढला, आणि तो निघाला प्रकाशाच्या वेगाएवढा. म्हणजे प्रकाश ही वीज-चुंबकाचीच लहर! वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. मुंबई-पुणे लोहमार्गावरून प्रकाश सोडला, तर एका सेकंदात तो १,५६१ फेऱ्या मारेल. डेक्कन क्वीन सुटली त्याच क्षणी सूर्यापासून एक किरण निघाला असे समजू. गाडी पुण्याला पोचेपर्यंत किरण ३५० कोटी किलोमीटर गेलेला असेल: पृथ्वी मागे, गुरू मागे, मॅक्सवेलने ज्याच्या कड्यांचे गणित पंचविशीत सोडवले तो शनी मागे, युरेनसही मागे, आणि किरण नेपच्यूनच्या वाटेवर! भारतातल्या शंभर कोटींहून जास्त मोबाइल जोडण्या आज याच लहरींवर चालतात. आणि टेलिफोन ज्याने दिला तो अलेक्झांडर ग्रॅहम बेलही १८४७ साली एडिंबरातच जन्मला होता.

मॅक्सवेल इथे थांबला नाही. १८६० साली ॲबर्डीनला शिकवत असताना त्याने हवेच्या कणांच्या वेगांचा हिशेब मांडला. आत्ता तुमच्या नाकासमोर जी हवा आहे, तिचा एकेक रेणू सेकंदाला सरासरी पावणेपाचशे मीटर धावतो आहे. वाट मोकळी असती, तर तो सात मिनिटांत मुंबईहून पुण्याला पोचला असता. पण वाट मोकळी कुठली? एका सेकंदात तो शेजाऱ्यांवर सुमारे सातशे कोटी वेळा आदळतो! एका सेकंदात!

कारण शेजारी फार आहेत. साखरेच्या एका खड्याएवढ्या जागेत, एक घन सेंटीमीटर हवेत, रेणू किती? २७ लिहा आणि पुढे अठरा शून्ये द्या. सेकंदाला एक याप्रमाणे मोजायला बसलो, तर सुमारे साडेपंच्याऐंशी हजार कोटी वर्षे लागतील. पृथ्वीच्या वयाच्या १८८ पट! पृथ्वी जन्मल्यापासून आजपर्यंतची ती आपली मुंबई-पुणे गाडी १८८ वेळा सोडावी लागेल. बरे, जगातल्या आठशे कोटी माणसांना कामाला लावू, प्रत्येकाने सेकंदाला एक रेणू मोजायचा. तरीही १०७ वर्षे! आणि हे सगळे एका खड्याएवढ्या हवेसाठी.

एवढे आकडे आता धरायचे कुठे? इथे आपला शेवटचा माणूस येतो, आणि माझ्या मते तो या सगळ्यांत मोठा. जॉन नेपियर, एडिंबराजवळच्या मर्चिस्टनचा जहागीरदार, जन्म १५५०. त्याच्या वाड्याचा बुरूज आज एका विद्यापीठाच्या आवारात उभा आहे. त्या काळी ग्रहांचे गणित करणारी माणसे सात-सात आकडी गुणाकारांत आयुष्य घालवत. नेपियरने ठरवले, हा गुणाकारच मोडून काढायचा. त्याने नेमका आपला एक कोटी घेतला, १,००,००,०००. त्यातून त्याचा एक कोटीवा भाग वजा केला. जे उरले, त्यातून पुन्हा त्याचा एक कोटीवा भाग. पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा. ना यंत्र, ना गणक. बोरू, कागद आणि वीस वर्षे! १६१४ साली त्याचा ग्रंथ छापून आला आणि जगाला लॉगरिदम मिळाले. पुढच्याच वर्षी लंडनचे प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज त्याला भेटायला एडिंबराला आले आणि दोघांच्या विचाराने दहाच्या पायावरची सारणी ठरली. बारावीच्या विज्ञानाची मुले आजही जे लॉग टेबल उघडतात, त्याचे मूळ हेच.

तत्त्व साधे आहे. शंभरात दोन शून्ये, हजारात तीन. शंभर गुणिले हजार करायचे तर दोन आणि तीन मिळवा: पाच शून्ये, एक लाख. नेपियरने हे शून्ये मोजणे प्रत्येक संख्येसाठी खुले केले. आता आपले आकडे त्याच्या हाती देऊन बघू. फोर्थ पुलाचे ६५ लाख रिव्हेट: ६.८१. व्हिस्कीच्या १६७ कोटी बाटल्या: ९.२२. पृथ्वीची ४५४ कोटी वर्षे: ९.६६. लॉख नेसचे ७ लाख ४० हजार कोटी लिटर: १२.८७. आणि तो जगाला १०७ वर्षे राबवणारा खडाभर हवेतला रेणूंचा आकडा: १९.४३! बस, एवढाच. चार अंक.

आता शेवटचा उंचवटा. लॉख नेसचे सगळे पाणी उपसून टाकले आहे आणि त्या २३० मीटर खोल खड्ड्यात नुसती हवा भरली आहे असे समजा. रेणू किती? खड्ड्याचे घन सेंटीमीटर काढले तर ७४च्या पुढे चौदा शून्ये. प्रत्येक घन सेंटीमीटरमध्ये २७च्या पुढे अठरा शून्ये रेणू. या दोन राक्षसांचा गुणाकार! पण नेपियर म्हणतो, गुणाकार कशाला? एकाचा लॉग १५.८७, दुसऱ्याचा १९.४३. मिळवा. ३५.३०. सारणीत उलटे बघा: दोन, आणि पुढे पस्तीस शून्ये. झाले! जलदूत गाडीला आठ हजार वर्षे, आठशे कोटी माणसांना शंभर वर्षे जिथे पुरत नाहीत, तिथे दुसरीतल्या पोराला येणारी एक बेरीज पुरते.

ग्रहांचे गणित करणाऱ्या केप्लरने हीच युक्ती वापरून १६२७ साली आपल्या ग्रहसारण्या छापल्या, आणि तेव्हापासून कुठलाही आकडा माणसाच्या आवाक्याबाहेर राहिला नाही. ज्या देशाची माणसे निम्म्या मुंबईतही सहज मावतील, त्या देशाने विश्वातली अफाट संख्या चार अंकांत बसवून दिली. यंदा बारावीचा पेपर लिहिताना ज्यांच्यासमोर लॉग टेबल असेल, त्यांनी ते पान जरा मानाने उलटावे: त्या बारीक छपाईत एका माणसाची वीस वर्षे आहेत, आणि त्या माणसाच्या खांद्यावर बसून आपल्याला पस्तीस शून्यांच्या पलीकडचे दिसते!